पेपर जर्नलला पाठवण्याआधी: गुळवेलीच्या एका मॅन्युस्क्रिप्टच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा: गुळवेलीच्या खोडाच्या अर्काचे अँटिऑक्सिडंट आणि जिवाणूरोधक गुण हा पीएचडीचा विषय. प्रबंधातली दोन प्रकरणे जोडून पहिला पेपर तयार केला. एका जर्नलने चार दिवसांत 'सूचनांप्रमाणे मांडणी नाही' म्हणून परत पाठवला. दुसऱ्याने रिव्ह्यूअरकडे न देताच नाकारला. आता मॅन्युस्क्रिप्ट कशी तयार करावी आणि फॉरमॅटिंगमध्ये नेमके काय बघावे?

पेपर दोनदा परत आला, पण दोन्ही वेळची कारणे वेगळी आहेत. चार दिवसांत परत आलेला पेपर बहुधा एडिटरपर्यंत पोहोचलेलाच नसतो. संपादकीय कार्यालयातली एखादी व्यक्ती हातात यादी घेऊन तो तपासते. ओळींना क्रमांक आहेत का, ॲब्स्ट्रॅक्ट शब्दमर्यादेत आहे का, प्रत्येक फिगरचा मजकुरात क्रमाने उल्लेख आहे का, निधी, हितसंबंध आणि डेटा यांची निवेदने आहेत का, एवढेच ती बघते. ही दुरुस्ती एका दिवसाची आहे. दुसरा नकार एडिटरचा आहे. त्याने शीर्षक, ॲब्स्ट्रॅक्ट, फिगर्स आणि पद्धतींचा भाग चाळला आणि थांबला. तो नकार फॉन्ट बदलून जात नाही. वनस्पतींच्या अर्कांवरच्या पेपरांत एडिटर कशापाशी थांबतो हे बऱ्यापैकी ठरलेले असते, म्हणून पद्धतींबद्दल खाली जास्त लिहिले आहे.

जर्नल ठरल्याशिवाय फॉरमॅटिंगला हात लावू नका. जर्नलच्या पानावरचा 'एम्स अँड स्कोप' हा परिच्छेद शब्द न् शब्द वाचा. औषधी वनस्पतींच्या काही जर्नल्सनी तिथे स्पष्टच लिहिलेले असते की केवळ कच्चा अर्क आणि डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीसारखी परीक्षानळीतली चाचणी एवढ्यावर आधारलेले काम ते घेत नाहीत. तुमचा दुसरा नकार यातूनच आला असण्याची दाट शक्यता आहे. मग त्या जर्नलमधले गेल्या दोन वर्षांतले, तुमच्या विषयाजवळचे चार-पाच पेपर उघडा आणि त्यांत किती फिगर्स आहेत, अर्काचे रासायनिक विश्लेषण कुठवर केले आहे, हे मोजा. लेखकांसाठीच्या सूचना एकदा पूर्ण वाचून शब्दमर्यादा, ॲब्स्ट्रॅक्टचा साचा, फिगरची रुंदी, रेफरन्सची शैली, रिव्ह्यू एकेरी ब्लाइंड (रिव्ह्यूअरला लेखकाचे नाव दिसते) की दुहेरी (तेही लपवलेले असते) आणि प्रकाशनशुल्क एका कागदावर लिहून काढा. अनेक जर्नल्स पहिल्या सबमिशनला कोणतीही सुसंगत मांडणी चालवून घेतात. तिथे रेफरन्समधले स्वल्पविराम बदलत आठवडा घालवणे म्हणजे तो आठवडा फुकट. यूजीसी-केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नल्सची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आहे, त्यामुळे जर्नल खरे की बनावट हे आता स्वतःच तपासावे लागते. नामवंत जर्नलची हुबेहूब नकली वेबसाइट हा प्रकारही सर्रास आहे. म्हणून ईमेलमध्ये आलेल्या दुव्यावरून कधीही सबमिट करू नका, प्रकाशकाच्या मुख्य संकेतस्थळावरून आत शिरा.

आता लिहिण्याचा क्रम. प्रास्ताविकापासून सुरुवात केली की प्रबंधाचेच वाक्य पुढे येते आणि दोन पाने 'प्राचीन काळापासून' यातच जातात. आधी फिगर्स आणि टेबल्स पक्की करा, मग त्यांच्यावरून रिझल्ट्स, मग पद्धती, मग चर्चा, त्यानंतर प्रास्ताविक आणि सगळ्यात शेवटी ॲब्स्ट्रॅक्ट व शीर्षक. प्रबंधात तुम्ही केलेले सगळे काम दाखवायचे असते. पेपरमध्ये एक विधान सिद्ध करायचे असते. ते विधान एका वाक्यात लिहा, उदाहरणार्थ 'इथेनॉलमधल्या अर्काचा जिवाणूरोधक परिणाम अमुक घटकाच्या प्रमाणाशी जोडलेला आहे'. जे टेबल या विधानाला टेकू देत नाही ते सप्लिमेंटरी फाइलमध्ये टाका. प्रबंधातल्या चौदा टेबलांतून पेपरमध्ये चार-पाच फिगर्स-टेबल्स उरली तर काम बरोबर चालले आहे.

फिगर्समध्ये सगळ्यांत जास्त वेळ जातो आणि सगळ्यांत जास्त चुका होतात, कारण बहुतेक जण फिगर पडद्यावर जशी दिसते तशी काढतात. ती छापील आकारात काढायची असते. जर्नलचा एक कॉलम साधारण ८५ ते ९० मिमी रुंद असतो, पूर्ण पान १७० ते १९० मिमी. समजा तुम्ही ग्राफ २४० मिमी रुंद काढला आणि अक्षांवर १२ पॉइंटची अक्षरे ठेवली. जर्नलने तो ९० मिमीवर आणला की ती अक्षरे साडेचार पॉइंटची होतात आणि कोणालाही वाचता येत नाहीत. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासूनच रुंदी ९० मिमी ठेवा आणि अक्षरे ७ ते ८ पॉइंटची. 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये जीजीसेव्ह या आज्ञेला रुंदी आणि एकक मिमी सांगता येते. मॅटप्लॉटलिबला इंच लागतात, म्हणजे ३.५४. प्रिझम आणि ओरिजिनमध्येही पानाचा आकार आधीच ठरवता येतो. अक्षरे एरियल किंवा हेल्वेटिका, सगळ्या फिगर्सना एकच.

डीपीआयचा, म्हणजे एका इंचात किती ठिपके बसतात याचा, गोंधळ पिक्सेल मोजले की संपतो. रुंदी मिमीमध्ये घ्या, २५.४ ने भागा, हव्या त्या डीपीआयने गुणा. ९० मिमीच्या फोटोला ३०० डीपीआय हवे असतील तर १०६३ पिक्सेल लागतात. रेषांच्या आलेखाला १००० डीपीआय मागितले असतील तर ३५४३. पॉवरपॉइंटमधून स्लाइड चित्र म्हणून सेव्ह केली तर एरवी ती ९६ डीपीआयने, म्हणजे १२८० पिक्सेल रुंदीची बाहेर पडते. तीच पूर्ण पानाच्या १९० मिमीवर पसरवली की जेमतेम १७१ डीपीआय उरतात आणि जर्नलची तपासणी ती नाकारते. मग लोक फोटोशॉपमध्ये नुसता ३०० आकडा टाकतात. त्याने फाइल मोठी होते, पण नसलेला तपशील कुठून येणार? तसेच जेपेग फाइल टिफ म्हणून सेव्ह केल्याने जेपेगने आधीच पुसलेला तपशील परत येत नाही. ग्राफ शक्यतो पीडीएफ किंवा ईपीएस या वेक्टर (ठिपक्यांऐवजी रेषांच्या) रूपात ठेवा, म्हणजे डीपीआयचा प्रश्नच येत नाही. फोटो मूळ कॅमेऱ्यातून थेट घ्या. व्हॉट्सॲपवरून आलेला प्लेटचा फोटो आकसलेला असतो, तो फिगरमध्ये वापरू नका. वर्डही फाइल सेव्ह करताना चित्रे दाबतो. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन चित्रे न दाबण्याच्या पर्यायावर खूण करा, आणि ही खूण चित्रे टाकण्याआधी करा.

पेट्री प्लेटचे फोटो तुमच्या पेपरमध्ये असणारच. प्लेटशेजारी मिमीची पट्टी ठेवून फोटो काढा. मायक्रोस्कोपखालच्या चित्रावर '४० एक्स' लिहून काही कळत नाही, कारण चित्र लहान-मोठे झाले की तो आकडा खोटा ठरतो. चित्राच्या आत स्केल बार काढा, तो चित्राबरोबर लहान-मोठा होतो. उजळपणा आणि कॉन्ट्रास्ट बदलायचा तर पूर्ण चित्राला सारखा बदला. एकच झोन (अर्काभोवती जिवाणू न वाढलेला गोल भाग) उठून दिसावा म्हणून तेवढ्याच भागावर हात चालवणे ही फेरफार ठरते. वेगवेगळ्या प्लेटचे तुकडे शेजारी लावले असतील तर मध्ये स्पष्ट रेघ ठेवा आणि तसे लेजंडमध्ये, म्हणजे फिगरखालच्या मजकुरात, लिहा. 'जर्नल ऑफ सेल बायोलॉजी'ने २००२ पासून स्वीकारलेल्या पेपरांतली चित्रे तपासायला सुरुवात केली. आज अनेक प्रकाशक हे काम सॉफ्टवेअरने करतात. एकच प्लेट दोन जिवाणूंच्या नावाने चुकून लागणे हा प्रकार याच तपासणीत सापडतो, आणि 'चुकून झाले' हे सिद्ध करायला मूळ फोटो हाताशी लागतो. म्हणून प्लेटच्या तळावर जिवाणूचे नाव, तारीख आणि अर्काचे प्रमाण मार्करने लिहूनच फोटो काढा.

रंगांबद्दल एकच गोष्ट: लाल आणि हिरवा शेजारी शेजारी नको. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे बारांतल्या एकाला ते वेगळे दिसत नाहीत, आणि तुमचा रिव्ह्यूअर त्यांच्यापैकी असू शकतो. निळा-नारिंगी घ्या, शिवाय ठिपक्यांचे आकारही वेगळे ठेवा.

आता पद्धती. मांडणी कितीही देखणी असली तरी इथला एक हरवलेला तपशील पेपर खाली बसवतो.

वनस्पतीपासून सुरुवात करा. शास्त्रीय नाव पहिल्या उल्लेखात पूर्ण, तिरप्या अक्षरांत, नाव देणाऱ्याच्या संक्षेपासह आणि कुळासह. पुढे प्रजातीच्या (जीनसच्या) नावाचे पहिले अक्षर पुरते. नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' या डेटाबेसमध्ये तपासा आणि तपासल्याची तारीख लिहा. कोणत्या गावाजवळून, कोणत्या महिन्यात, झाडाचा कोणता भाग गोळा केला, अक्षांश-रेखांश काय आणि ओळख कोणी पटवली, हे सगळे हवे. ओळख पटवलेला नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करून त्याचा क्रमांक द्यावा लागतो. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र या दोन्ही ठिकाणी हर्बेरियम आहे. 'महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी ओळखले' एवढ्यावर आता भागत नाही. गुळवेलीच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचे, कारण टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखीच दिसणारी वेल तिच्या नावाखाली खपून जाते. आणखी एक तपशील आपल्याकडचे लोक हमखास विसरतात: ती कोणत्या झाडावर चढलेली होती? कडुनिंबावरची गुळवेल वेगळी मानली जाते हे आपल्याला माहीत आहे. बाहेरच्या रिव्ह्यूअरला माहीत नाही. आधाराचे झाड लिहा.

अर्क कसा केला ते वाचणाऱ्याला जसेच्या तसे करता आले पाहिजे. 'पावडर इथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढला' हे वाक्य निरुपयोगी आहे. उपयोगी वाक्य असे दिसते: सावलीत सुकवलेल्या खोडाची १०० ग्रॅम पावडर, ७० टक्के इथेनॉल १ लिटर, खोलीच्या तापमानाला ७२ तास, मधून मधून हलवत, गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांना आटवले, मिळालेला कोरडा अर्क ८.४ ग्रॅम, म्हणजे उतारा ८.४ टक्के. उतारा न लिहिल्यामुळे अर्काचा एक मिलिग्रॅम म्हणजे मूळ वनस्पती किती, हे कोणालाच काढता येत नाही. अर्कात काय आहे तेही दाखवा. एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्राचा) एक क्रोमॅटोग्राम आणि टिनोस्पोरासाइड किंवा मॅग्नोफ्लोरिनसारख्या एखाद्या मार्करचे मोजलेले प्रमाण असले की पेपर 'कच्चा अर्क' या वर्गातून बाहेर निघतो.

सेंट्रिफ्यूजचा वेग 'दहा हजार आरपीएम' असा लिहू नका, 'जी'मध्ये, म्हणजे गुरुत्वबलाच्या पटीत, लिहा. आरपीएमचा वर्ग गुणिले रोटरची सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले ०.००००१११८, हे सूत्र. त्रिज्या ८ सेंमी असेल तर दहा हजार आरपीएम म्हणजे सुमारे ८,९४० जी. १५ सेंमी असेल तर १६,७७० जी. यंत्रावरचा आकडा तोच, पण जोर जवळपास दुप्पट. तुमच्या पेपरवरून प्रयोग करणाऱ्याकडे तुमचाच रोटर नसतो.

जिवाणूंच्या प्रत्येक स्ट्रेनचा संग्रह क्रमांक द्या. आपल्याकडचे बरेच जण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून जिवाणू आणतात. तो क्रमांक लिहा आणि समकक्ष एटीसीसी (अमेरिकेतला जिवाणूसंग्रह) क्रमांक असेल तर तोही. 'रुग्णालयातून मिळालेला नमुना' असेल तर त्याची ओळख कशी पटवली आणि नैतिक समितीची परवानगी होती का, हा प्रश्न येणारच. अगारमधल्या, अर्क घालायच्या भोकाचा व्यास समजा ६ मिमी आहे. मग झोनची मापे भोक धरून आहेत की वगळून? काहीच परिणाम नसेल तिथे तुम्ही ६ लिहिले आहे की ०? एका टेबलात दोन्ही पद्धती मिसळलेल्या असतात आणि रिव्ह्यूअर तेवढ्यावरून पूर्ण टेबलावरचा विश्वास सोडतो. खरे तर कच्च्या अर्कातले मोठे, पाण्यात न विरघळणारे रेणू अगारमध्ये नीट पसरतच नाहीत, म्हणून झोनचा आकार हा परिणामाचा भरवशाचा मापदंड नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने, म्हणजे द्रव माध्यमात अर्क पातळ करत जाऊन, एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारे सर्वांत कमी प्रमाण) काढा आणि झोन सप्लिमेंटरीमध्ये जाऊ द्या. तिथेही जिवाणूंची संख्या दोन टप्प्यांत लिहा: ०.५ मॅकफारलँड या गढूळपणाच्या मापाचे द्रावण म्हणजे मिलिलिटरला साधारण १५ कोटी जिवाणू, आणि वेलमध्ये (प्लेटमधल्या खळगीत) पोहोचताना ते ५ लाखांवर आणलेले. अर्क विरघळवायला डीएमएसओ हे द्रावक वापरले असेल तर वेलमधले त्याचे अंतिम प्रमाण सांगा आणि तेवढेच डीएमएसओ घातलेला, पण अर्क नसलेला कंट्रोल दाखवा. डीपीपीएचमध्ये अर्काचे दिलेले प्रमाण मूळ द्रावणातले की मिश्रणातले, हे स्पष्ट करा. याच गोंधळामुळे दोन प्रयोगशाळांच्या आयसी-५० (निम्मा परिणाम दाखवायला लागणारे अर्काचे प्रमाण) किमतींची तुलना होत नाही.

आकड्यांमध्ये तीन गोष्टी सतत चुकतात. पहिली म्हणजे 'एन', म्हणजे स्वतंत्र प्रयोगांची संख्या. एकाच अर्काचे एकाच प्लेटवरच्या तीन खळग्या म्हणजे एन बरोबर तीन नव्हे; ती एकाच मापाची तीनदा केलेली नोंद आहे. वेगळ्या दिवशी, शक्यतो वेगळ्या खेपेला गोळा केलेल्या गुळवेलीपासून नव्याने केलेले प्रयोग मोजा आणि प्रत्येक फिगरच्या लेजंडमध्ये ते शब्दांत लिहा. दुसरी, आलेखावरच्या एरर बारच्या दांड्या कशाच्या आहेत. स्टँडर्ड एरर म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले एनचे वर्गमूळ. डेव्हिएशन ६ असेल आणि एन ९, तर एरर फक्त २. दांडी लहान दिसावी म्हणून एरर दाखवणारा लेखक रिव्ह्यूअरला लगेच ओळखू येतो. एन तीन-चार असेल तर दांड्यांपेक्षा प्रत्येक बिंदूच दाखवा. तिसरी, दशांश. ४२.३७५६ ± ३.१८९ असे लिहिणे म्हणजे यंत्राने दिले ते उतरवणे. मापात तेवढी अचूकता नाही. ४२.४ ± ३.२ पुरे. एसपीएसएसने ०.००० दाखवलेली पी-व्हॅल्यू पेपरमध्ये '०.००१ पेक्षा कमी' अशी जाते, कारण ती शून्य नसते.

टेबल वर्डच्या टेबल सुविधेनेच करा. एक्सेलचा स्क्रीनशॉट चालत नाही, आणि स्पेसबार दाबून केलेले कॉलम जर्नलच्या यंत्रणेत विस्कटतात. उभ्या रेघा काढू नका. एकक कॉलमच्या मथळ्यात एकदाच लिहा. एक्सेलवरून आठवले: जनुकांची यादी असेल तर ती मजकूर म्हणूनच आयात करा. सेप्ट-२ किंवा मार्च-१ अशी जनुकनावे एक्सेल तारखा समजून बदलते, आणि हा त्रास इतका पसरला की मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावेच बदलली.

वर्डमधल्या फाइलचे बाह्यरूप पाच मिनिटांचे काम आहे: १२ पॉइंट, दुहेरी अंतर, चारी बाजूंना अडीच सेंमी जागा, पानांना क्रमांक, आणि ओळींना शेवटपर्यंत सलग क्रमांक, प्रत्येक पानावर एकपासून नव्हे. लेटेकमध्ये लाइननो हे पॅकेज ते करते. पण एक गोष्ट बारकाईने बघा. मायक्रोचे चिन्ह 'सिम्बॉल' नावाच्या फॉन्टमधून टाकलेले असेल तर तिथे खरे अक्षर इंग्रजी एम असते, फॉन्टमुळे ते म्यू दिसते. पीडीएफ बनताना किंवा जर्नलच्या टाइपसेटिंगमध्ये तो फॉन्ट हरवला की म्यूचा एम होतो आणि ५० मायक्रोग्रॅमचे ५० मिलिग्रॅम होतात, हजार पट. अल्फा-बीटाचेही असेच ए-बी होतात. उपाय सोपा आहे: वर्डमध्ये इंग्रजी अक्षर-अंकांत ००बी५ टाइप करून आल्ट आणि एक्स दाबा, युनिकोडचे खरे चिन्ह येते. ± साठी ००बी१, अंशाच्या चिन्हासाठी ००बी०. वर चढवलेला इंग्रजी ओ म्हणजे अंश नव्हे. आकडा आणि एकक यांच्यामध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेसने न तुटणारी जागा द्या, म्हणजे '५०' एका ओळीत आणि 'मिलिग्रॅम' पुढच्या ओळीत असे होत नाही.

पाठवण्याआधी ट्रॅक चेंजेस स्वीकारून बंद करा आणि सगळ्या कॉमेंट्स काढा. गाईडने समासात लिहिलेले 'हे खरंच आपण केलं होतं का?' एडिटरपर्यंत जाणे कोणालाच परवडत नाही. दुहेरी ब्लाइंड असेल तर फाइल, इन्फो, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट इथून लेखकाचे नाव पुसा. आभार, नैतिक समितीचे नाव आणि 'आमच्या याआधीच्या कामात' अशी वाक्येही ओळख सांगतात.

रेफरन्स हाताने टाइप करू नका. झोटेरो मोफत आहे. डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) टाकला की नोंद तयार होते. पण ती जशीच्या तशी घेऊ नका. शीर्षक सगळे कॅपिटल अक्षरांत आलेले असते, वनस्पतीच्या नावाचा तिरपेपणा गेलेला असतो. शीर्षकाच्या रकान्यात नावाच्या दोन्ही बाजूंना एचटीएमएलचा आय टॅग घातला की तो परत येतो. झोटेरो मागे घेतलेल्या पेपरांवर लाल इशारा दाखवते, तो दुर्लक्षू नका. शेवटची प्रत पाठवताना फाइलची एक कॉपी करून फक्त त्या कॉपीतच 'अनलिंक सायटेशन्स' करा. मूळ फाइलमध्ये केले तर रिव्हिजनच्या वेळी सगळे रेफरन्स हाताने बदलावे लागतात. एआयकडून रेफरन्स मागितले असतील तर प्रत्येकाचा डीओआय उघडून बघा, कारण तो नसलेले पेपरही बिनदिक्कत लिहून देतो. एआयने भाषा सुधारून घेतली असेल तर जर्नल सांगेल तिथे तसे नोंदवा. वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आणि प्रकाशनातल्या नैतिकतेवर काम करणारी कोप ही समिती या दोघांचेही म्हणणे एकच आहे की एआय लेखक होऊ शकत नाही.

साम्य तपासणीत प्रबंध आडवा येतो. तो शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, गेलेला असेल तर तुमचा पेपर तुमच्याच प्रबंधाशी जुळतो. हे लपवू नका, कव्हर लेटरमध्ये एका वाक्यात सांगा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतली दहा टक्क्यांची मर्यादा हा जर्नल्सचा निकष नाही. एडिटर एकूण टक्के कमी आणि सलग उतरवलेला परिच्छेद जास्त बघतो.

लेखकांची नावे हा आपल्याकडचा खास घोळ आहे. कार्यालयीन कागदांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव. तोच क्रम सबमिशनच्या रकान्यांत गेला की वडिलांचे नाव आडनाव म्हणून नोंदले जाते आणि पुढे सायटेशन दोन-तीन नावांत विखुरतात. रकाना 'फॅमिली नेम' म्हणतो तिथे आडनावच घाला. पहिल्याच पेपरपासून नावाचे एक रूप ठरवा आणि सोळा आकडी ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा ओळखक्रमांक) जोडा. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकांचे जुने-नवे काम एकत्र ठेवायला तो फार उपयोगी पडतो. प्रत्येकाचे योगदान क्रेडिट या योगदान नोंदवण्याच्या पद्धतीतल्या चौदा भूमिकांतून लिहितात. ज्यांनी फक्त यंत्र वापरू दिले त्यांची जागा आभारांत.

कव्हर लेटर एका पानाचे. काय सापडले, ते या जर्नलच्या वाचकांना का हवे, आणि हे काम इतरत्र पाठवलेले नाही, एवढेच. ॲब्स्ट्रॅक्ट त्यात चिकटवू नका. रिव्ह्यूअर सुचवायला सांगितले तर संस्थेचा ईमेल असलेले, तुमच्याबरोबर न लिहिलेले आणि तुमच्या गाईडचे विद्यार्थी नसलेले लोक सुचवा.

सबमिशनच्या संकेतस्थळावर शेवटी सगळ्या फाइल्सची एक पीडीएफ तयार होते आणि तुम्ही ती मान्य केल्याशिवाय पेपर जर्नलकडे जातच नाही. 'सबमिट' दाबून लोक निश्चिंत होतात आणि महिन्याभराने कळते की पेपर मंजुरीची वाट बघत आपल्याच खात्यात पडून आहे. ती पीडीएफ कागदावर छापून घ्या. ॲब्स्ट्रॅक्टमधला प्रत्येक आकडा पेन्सिलने गोल करा आणि तोच आकडा रिझल्ट्समध्ये, टेबलात आणि फिगरवर शोधा. गाईडने सुचवल्यावर आयसी-५० नव्याने काढलेली असते, टेबल बदललेले असते आणि ॲब्स्ट्रॅक्टमध्ये जुनीच किंमत राहिलेली असते. ही विसंगती रिव्ह्यूअरला पहिल्या दहा मिनिटांत दिसते आणि मग तो उरलेला पेपर चुका शोधण्यासाठीच वाचतो. म्यूची चिन्हे, तिरपी नावे, फिगरचा क्रम हेही याच छापील प्रतीवर बघा.

मान्य केलेली पीडीएफ, तिच्या मूळ फाइल्स, कच्चा डेटा आणि प्लेटचे मूळ फोटो तारीख घातलेल्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. रिव्हिजन आली की त्याची नवी प्रत काढून तिच्यावर काम करा. तेव्हा जर्नल बहुतेक वेळा बदल दाखवणारी आणि स्वच्छ अशा दोन प्रती मागते. रिव्ह्यूअरला उत्तर देताना 'ओळ २१२' म्हणजे यांपैकी कोणत्या प्रतीतली, हे उत्तराच्या पहिल्याच ओळीत लिहा.